चवथ ते नाताळ: कमी पैशांत द्याव्यात अशा, घेणाऱ्याच्या घरखर्चाला हातभार लावणाऱ्या भेटी

गोव्यात वर्षाचा मोठा खर्च चार महिन्यांत दाटीवाटीने येतो. चवथीची (गणेशचतुर्थीची) माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर बांधायचा फळाफुलांचा मांडव, दसरा, नरकासुराच्या पहाटेचे पोहे, भाऊबीज, तुळशीचे लग्न, आणि शेजारच्या घरातून दोदोल-बेबिंका या गोड पदार्थांचे ताट येते तो नाताळ. बोनस, नारळ-सुपारीचे पैसे, मुलाने बोटीवरून पाठवलेले पैसे, सगळे याच काळात हातातून जातात. त्यातच एकमेकांना द्यायच्या भेटी येतात. सुक्या मेव्याचा डबा या घरातून त्या घरात फिरतो आणि मुलामा दिलेली मूर्ती शोकेसमध्ये जाऊन बसते. देणाऱ्याचे पैसे गेलेले असतात, घेणाऱ्याच्या हाती मात्र काही उरत नाही.

भेट निवडताना मी एकच गोष्ट तपासते. सहा महिन्यांनी या भेटीमुळे त्या घरात पैसा साठत असेल का, किंवा निदान वाचत असेल का? या कसोटीला उतरणाऱ्या भेटी पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या बहुतेक हजार-बाराशे रुपयांच्या आत बसतात. काहींना तर फक्त एक सकाळ द्यावी लागते.

आधी स्वतःचा आकडा ठरवा

सुरुवात स्वतःपासून. एका कागदावर सणात ज्यांना काही द्यायचे असते त्यांची नावे लिहा: बहिणी, भाचरे, सासूसासरे, घरकामाला येणारी बाई, पाव घालणारा पोदेर, शेजारी. यादीखाली एकूण रक्कम लिहा, पण ती रक्कम आज बँकेत असलेली हवी, पुढच्या पगारातली नको. भेटीसाठी कार्डावर उधारी किंवा हप्ते अजिबात नकोत.

आता नावांसमोर रक्कम न लिहिता त्या घराची पैशाची अडचण लिहा. "हिच्याकडे बचतच नाही." "यांचे विजेचे बिल फार येते." "आजोबांची जुनी खाती कुठे आहेत कोणाला ठाऊक नाही." "हा दुचाकीवरून दिवसभर फिरतो, विमा नाही." अडचण लिहिली की भेट कोणती ते बहुतेक वेळा आपोआप सुचते.

मुलीच्या लग्नानंतरची पहिली चवथ असेल तर वज्याचा खर्च वेगळा धरा. माहेरहून सासरी जाणारे वजे ही आपल्याकडची मायेची रीत आहे, ती मोडा असे मी कधीच म्हणणार नाही. पण फळांच्या आणि मिठायांच्या टोपल्या वाढत वाढत जातात आणि वडील सोसायटीचे कर्ज काढतात, हे थांबायला हवे. महिनाभर आधी विहिणीशी मोकळेपणाने बोला. माटोळीसाठी कुळागरातले (बागायतीतले) नारळ, सुपारीचे घड, घरच्या नेवऱ्या (करंज्या) आणि मोजकी फळे पाठवा. जे पैसे वाचतील ते मुलीच्या स्वतःच्या नावाने ठेवा. वज्याबरोबर पासबूक गेले तर सासरची माणसेही त्याचा मान ठेवतात, हे मी पाहिले आहे.

पोस्टातले आवर्ती खाते: भाऊबीजेची सगळ्यात चांगली ओवाळणी

बहिणीला हजार रुपयांची साडी किंवा पाकीट देण्यापेक्षा तिच्या नावाने पोस्टात आवर्ती ठेव खाते सुरू करून द्या. महिन्याला किमान १०० रुपये आणि पुढे १० च्या पटीत कितीही भरता येते. मुदत पाच वर्षे. ऑक्टोबर २०२३ पासून या खात्याला ६.७ टक्के व्याज आहे. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करते म्हणून खिडकीवर विचारून घ्या. पण खाते उघडताना जो दर असेल तोच पाचही वर्षे मिळतो. ६.७ टक्क्यांनी महिना १०० रुपये म्हणजे पाच वर्षांत भरलेले ६,००० आणि हातात येणारे साधारण ७,१३७.

एवढ्याशा रकमेने काय होणार, असे वाटेल. पण १०० रुपयांवर खाते सुरू झाले की दर महिन्याला पैसे बाजूला काढायची सवय लागते, आणि खाते वर्षभर चालले तर भरलेल्या रकमेच्या निम्म्यापर्यंत त्यावर कर्जही मिळते. अडीअडचणीला मंगळसूत्र गहाण ठेवण्यापेक्षा ते बरे.

करायचे असे. सणाच्या गर्दीआधी बहिणीला घेऊन तिच्या जवळच्या पोस्टात जा. खाते तिचे आहे, सही तिची लागते, त्यामुळे तिच्या पाठीमागे गुपचूप उघडता येत नाही. आधार, पॅन आणि दोन फोटो बरोबर घ्या. अर्जात नामनिर्देशनाचा (नॉमिनीचा) रकाना रिकामा सोडू नका. पोस्टात बचत खाते नसेल तर तेही त्याच दिवशी ५०० रुपयांत उघडा, म्हणजे मुदत संपल्यावर पैसे थेट तिथे येतील.

आता ओवाळणीचा भाग. पुढच्या १२ हप्त्यांचे पैसे एकदम भरले तर १०० रुपयांच्या हप्त्यामागे ४० रुपये सूट मिळते. म्हणजे १,१६० रुपयांत तुम्ही बहिणीचे अख्खे वर्ष भरून मोकळे होता. दुसऱ्या वर्षापासून निम्मे तिने, निम्मे तुम्ही असे ठरवा. भाऊ दोघे-तिघे असतील तर वर्षे वाटून घ्यावीत.

हप्त्याची तारीख तिला नीट समजावून द्या. खाते महिन्याच्या पहिल्या १५ दिवसांत उघडले असेल तर दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पैसे भरायचे, १६ नंतर उघडले असेल तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. हप्ता चुकला तर १०० रुपयांमागे महिन्याला एक रुपया भुर्दंड. चार हप्ते चुकले की खाते बंद पडते आणि ते पुन्हा चालू करायला फक्त दोन महिने मिळतात. म्हणूनच आगाऊ भरण्याचा मार्ग मला जास्त आवडतो. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या नावाने हे खाते उघडता येते, तेव्हा भाच्याच्या मुंजीत किंवा दहावीच्या निकालालाही हीच भेट चालते. (महिला सन्मान बचत पत्र अजूनही कोणी सुचवत असेल तर ती योजना ३१ मार्च २०२५ ला बंद झाली, हे सांगा.)

घरात दहा वर्षांच्या आतली मुलगी असेल तर मात्र सुकन्या समृद्धी. वर्षाला किमान २५० रुपये, जानेवारी २०२४ पासून दर ८.२ टक्के, पैसे १५ वर्षे भरायचे, खाते उघडल्यापासून २१ वर्षांनी मुदत संपते. आजी, मामा, काका यांना हे खाते उघडता येत नाही. आई किंवा वडिलांनी, अथवा कायदेशीर पालकांनीच उघडायचे. मामाने फॉर्म आणून द्यावा आणि पहिले भरणे आपले करावे. पुढे दर वर्षी बारशाच्या तारखेला किंवा चवथीला ठरलेली रक्कम त्याच खात्यात घालावी. भरणा महिन्याच्या ५ तारखेच्या आत करा, नाहीतर त्या महिन्याचे व्याज त्या पैशांवर मिळत नाही. एखाद्या वर्षी २५० रुपयेही भरले नाहीत तर ५० रुपये दंड पडतो.

वीस रुपयांची भेट

ज्यांच्या कमाईवर घर चालते पण ज्यांच्यामागे कंपनी नाही, पगारपत्रक नाही, त्यांच्यासाठी ही भेट आहे: पोदेर, मोटारसायकलवरून भाड्याने माणसे नेणारा पायलट, मासळी विकणारी, माडावर चढणारा पाडेली, घरकामाची मावशी.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख रुपये मिळतात. माडावरून पडण्याचा किंवा चोर्ला घाटात दुचाकी घसरण्याचा धोका ज्याच्या रोजच्या कामात आहे, त्याच्यासाठी वीस रुपयांत यापेक्षा जास्त काही मिळत नाही.

दुसरी जीवनज्योती विमा योजना. वय १८ ते ५०, कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख. वर्षाचा हप्ता ४३६ रुपये. विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असते आणि मध्येच सामील होणाऱ्याला हप्ता कमी पडतो: सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये ३४२, डिसेंबर ते फेब्रुवारीत २२८, मार्च ते मे मध्ये ११४ रुपये. म्हणजे दिवाळीला ३४२ आणि नाताळला २२८. नव्याने सामील झाल्यावर पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यूचाच दावा चालतो, हे आधीच सांगून ठेवा.

हप्ता त्यांच्याच बँक खात्यातून कापला जातो. त्यामुळे आपले काम तीन गोष्टींचे. त्यांच्याबरोबर बँकेत जाऊन दोन्ही अर्ज भरणे. हप्त्याचे पैसे त्यांच्या खात्यात घालणे. आणि घरी जाऊन नवऱ्याला, बायकोला किंवा मोठ्या मुलाला सांगणे की असा विमा आहे, या बँकेत आहे, नॉमिनी म्हणून तुमचे नाव आहे. ही तिसरी गोष्ट लोक विसरतात. घरच्यांना विम्याची माहितीच नसेल तर पैसे मागायला जाणार कोण?

दिवा, पंखा आणि बेगमी

ज्या घरात विजेचे बिल बोचते तिथे दिवे द्या. बैठकीच्या खोलीत एलईडी आलेले असतात. पण देवघरात, गोठ्यात, पडवीत, न्हाणीघरात जुना ६० वॅटचा बल्ब अजून लटकत असतो. त्या जागी ९ वॅटचा एलईडी बसवला तर ५१ वॅट कमी लागतात. रोज पाच तास धरले तर वर्षाला एका दिव्यामागे ९३ युनिट. आपल्याकडे घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे वाचलेले युनिट सगळ्यात महाग टप्प्यातून कमी होतात. किती रुपये वाचतील ते त्यांच्या बिलावरचा वरच्या टप्प्याचा दर पाहून काढा आणि तो आकडा दिव्याच्या खोक्यावर लिहून द्या. दिवा स्वतः बसवूनच परत या. खोके कपाटात राहिले तर बिल तसेच येत राहील.

सगळ्या भावंडांनी मिळून आईवडिलांना काही द्यायचे असेल तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास. गोव्यात पंखा थंडीचे काही दिवस सोडले तर बंद होत नाही. दिवसाला दहा तास धरले तरी वर्षाला १६० हून जास्त युनिट वाचतात.

स्वयंपाकघरासाठी पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायच्या वस्तू. मे महिन्यात सोलां (आमसुले), सुकी मिरची, मिठागरातले मीठ, वाळवलेली मासळी, घाण्याचे खोबरेल घेऊन ठेवा. खोला मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तिच्या नावावर बरेच काही विकले जाते, तेव्हा काणकोणच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडूनच घ्या, नाहीतर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नेहमीच्या बाईकडून साधी मिरची घ्या. चवथीला घट्ट झाकणाच्या बरणीत दिलेली ही बेगमी पावसाळा सरेपर्यंत त्या घराचा किराणा हलका करते.

घरी बनवलेली वर्षाची वही

तरुण जोडप्याला, नुकताच पहिला पगार मिळालेल्याला ही द्यावी. शंभर पानी वही पुरते. दुकानातल्या छापील डायरीत आपले महिने बसत नाहीत म्हणून ती हाताने आखायची.

पहिल्या पानावर वर्षातले ठरलेले मोठे खर्च महिन्यासमोर लिहा. जूनला शाळेची पुस्तके आणि गणवेश. चवथीच्या आधी घराची रंगरंगोटी, मूर्ती, माटोळी, फटाके. दिवाळी. देवाची जत्रा, ज्याच्या त्याच्या गावाप्रमाणे. गाडीचा विमा. घरपट्टी. प्रत्येकासमोर मागच्या वर्षी किती लागले ते त्यांना विचारून लिहा आणि बेरजेला १२ ने भागा. समजा चवथीला १२,००० लागतात, तर दर महिन्याला १,००० बाजूला पडायलाच हवेत, नाहीतर ऑगस्टमध्ये उसने घ्यावे लागणार. हा एक आकडा समोर आला की बऱ्याच घरांचा गोंधळ सुटतो.

त्या १,००० साठी बँकेत एका वर्षाची आवर्ती ठेव उघडून द्या, अशा तारखेला की पुढच्या चवथीच्या तीनेक आठवडे आधी ती संपावी. बँक निवडताना एक लक्षात ठेवा: बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँका धरून, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवींना तो नसतो. २०२० मध्ये म्हापसा अर्बन आणि २०२१ मध्ये मडगाव अर्बन या बँकांचे परवाने रद्द झाले तेव्हा या विम्याचा अर्थ गोव्यातल्या ठेवीदारांना चांगलाच कळला.

वहीची पुढची पाने साधी: तारीख, कशाला, किती. रकाने तीनच. जास्त आखले तर दोन महिन्यांत वही बाजूला पडते. शेवटची चार पाने मात्र जपून ठेवा, त्यांचा उपयोग पुढे सांगते.

एक सकाळ: आईवडिलांसाठी, आजीआजोबांसाठी

मला विचाराल तर या सगळ्यांत मोठी भेट हीच, आणि तिला पैसे लागत नाहीत. नातवंडे सणाला घरी आलेली असतात, शहरातला मुलगा लॅपटॉप घेऊन आलेला असतो. एक सकाळ काढा.

आधी जुन्या ट्रंकेतली, कपाटातली सगळी पासबुके, ठेवीच्या पावत्या, विम्याचे कागद बाहेर काढा. गोव्यातल्या घरांत हे जास्त असते, कारण कोणी आखातात होता, कोणी तारवटी (बोटीवरचा खलाशी) होता, आणि सुट्टीवर आल्यावर जवळच्या शाखेत खाते उघडून परत गेला. बँकेतल्या खात्यात १० वर्षे व्यवहार झाला नाही किंवा मुदत ठेव संपून १० वर्षे कोणी विचारली नाही, की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पैसे बुडत नाहीत. खातेदाराला किंवा वारसाला ते कधीही मागता येतात.

ते शोधायला रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केले. मोबाइल क्रमांकाने नोंदणी करा. खातेदाराचे नाव टाका, बँका निवडा, आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, जन्मतारीख यांपैकी एक तरी भरा. नावाची वेगवेगळी स्पेलिंग करून पाहा; आपल्याकडे एकाच माणसाचे आडनाव पोर्तुगीज वळणाने एका कागदावर आणि मराठी वळणाने दुसऱ्यावर असते. नोंद सापडली की एक क्रमांक मिळतो, तो लिहून घेऊन त्या बँकेच्या शाखेत जा. यासाठी कोणत्याही मध्यस्थाला एक पैसाही देऊ नका.

मग नामनिर्देशन. प्रत्येक खात्याला नॉमिनी म्हणून कोणाचे नाव आहे ते पाहा. बहुतेक ठिकाणी ते कोरे असते, नाहीतर गेलेल्या माणसाचे असते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नावे देता येतात आणि कोणाला किती टक्के तेही लिहिता येते. शाखेत अर्ज द्या आणि पोच घ्या. एक स्पष्ट करते: नामनिर्देशित व्यक्तीला बँक पैसे देते, पण ती मालक होत नाही. मालकी वारसा कायद्याप्रमाणेच ठरते, आणि गोव्यात नवरा-बायकोच्या सामाईक मालकीचा नियम वेगळा आहे. तरीही नाव दिलेले असेल तर पैसे अडकून पडत नाहीत, आणि दुःखाच्या दिवसांत नोटरीच्या आणि कोर्टाच्या पायऱ्या आधी चढाव्या लागत नाहीत.

पेन्शन घेणारे असतील तर नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्याचा महिना. मोबाइलवर चेहरा दाखवून 'जीवन प्रमाण' भरता येते. दिवाळीच्या सुट्टीत दहा मिनिटांत काम होते. ८० वर्षांवरच्यांना ऑक्टोबरपासूनच भरता येते. घरात गोवा सरकारच्या गृह आधार (गृहिणींसाठी) किंवा दयानंद सामाजिक सुरक्षा (ज्येष्ठ, विधवा, अपंगांसाठी) या दरमहा मदतीच्या योजनांना पात्र असलेले कोणी राहून गेले असेल तर त्याचाही अर्ज याच बैठकीत लिहून टाका.

हे सगळे त्या वहीच्या शेवटच्या चार पानांवर उतरवा: बँक, शाखा, खात्याचे शेवटचे चार आकडे, कोणाचे नाव दिले आहे, कागद कुठे ठेवले आहेत. पासवर्ड आणि पिन लिहू नका.

मी देत नाही त्या भेटी

सोनाराची मासिक योजना दुसऱ्याच्या गळ्यात घालू नका. ती बँकेतली ठेव नाही, आणि शेवटी दागिनाच घ्यावा लागतो, ज्यात घडणावळ जाते. डिजिटल सोन्याबद्दल सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, नोव्हेंबर २०२५ मध्ये लोकांना सावध केले आहे, कारण त्यावर तिचे नियंत्रण नाही. ज्याचा हप्ता घेणाऱ्याला वीस वर्षे भरावा लागेल अशी विमा पॉलिसी तर भेट म्हणून कधीच नको. दुकानांची गिफ्ट कार्डेही टाळा; दोन हजारांच्या कार्डावर घेणारा आपले हजार घालून येतो.

आणि हो, पैसे रोख द्यायचे असतील तर जवळच्या नातेवाइकांकडून आलेल्या भेटीवर कर नाही. पण मित्रमंडळींकडून वर्षभरात आलेली रक्कम ५०,००० च्या वर गेली तर सगळीच उत्पन्नात धरली जाते.

हातात देताना

पैशाशी जोडलेली भेट चुकीच्या शब्दांत दिली तर माणूस दुखावतो. खर्चाची वही देताना "तुमचा खर्च फार होतो" असा सूर चुकूनही नको. चारचौघांत तर देऊच नका. ओवाळणीच्या ताटात पासबूक ठेवताना बहिणीला साधे सांगा, "बाय, हें तुज्या नांवाचें. हें वर्स हांवें भरलां." (हे तुझ्या नावाचे, हे वर्ष मी भरले आहे.) घरकामाच्या मावशीला विमा म्हणजे बक्षिसाऐवजी दिलेली गोष्ट वाटता कामा नये, नेहमीचे पैसे आणि फराळ द्याच, हे त्याच्या जोडीला. वडिलांची खाती तपासायची असतील तर "बाबा, मला तुमच्याकडून हे शिकायचे आहे" असे म्हणून त्यांच्याच हातात पेन द्या. कागद त्यांचे आहेत, आकडे किती हे कोणाला सांगायचे तेही त्यांनीच ठरवायचे.

भेट दिल्यावर तुमच्या मोबाइलवर दोन तारखांची आठवण लावून ठेवा. एक २० मे ची: ज्यांचा विमा काढून दिला त्यांना फोन करून खात्यात ५०० रुपये आहेत का विचारायचे, कारण दोन्ही हप्ते महिनाअखेरीस आपोआप कापले जातात आणि खाते रिकामे असेल तर विमा तुटतो. दुसरी, बहिणीचे आगाऊ भरलेले १२ हप्ते संपतात त्याच्या आदल्या महिन्याची.